कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये किती काढायचं, हे ठरतं कसं?

गेली काही वर्षं एक निरोप व्हॉट्सॲपवर अधूनमधून डोकं वर काढतो: ‘टाटा हॉस्पिटलचा शोध! ऑपरेशनआधी शंभर रुपयांचं इंजेक्शन घ्या, स्तनाचा कॅन्सर परत येत नाही.’ यातला पहिला भाग खरा आहे, शेवटचा नाही. ज्या घरात याच आठवड्यात कुणाचं तरी ऑपरेशन ठरलंय, तिथे हा निरोप पोचला की सगळ्यांची झोप उडते. आपल्या डॉक्टरांना हे माहीत असेल का? विचारलं तर रागावतील का?

त्या इंजेक्शनाकडे येऊच. पण त्याआधी, पुण्यातल्या कुठल्याही कॅन्सरच्या ओपीडीत रोज ऐकू येणारं एक वाक्य घेऊ. ‘डॉक्टर, एकदाच काय ते सगळं काढून टाका.’ नवरा म्हणतो, भाऊ म्हणतो, पुष्कळदा ती स्वतःच म्हणते. त्यामागे भीती असते आणि मायाही असते. गेल्या पन्नास वर्षांतलं शस्त्रक्रियेवरचं संशोधन बऱ्याच अंशी याच वाक्याभोवती फिरलं आहे. आणि त्याची उत्तरं अवयवागणिक वेगळी निघाली आहेत. स्तनाच्या बाबतीत कमी काढूनही आयुष्य तेवढंच मिळतं. अंडाशयाच्या बाबतीत दिसेल तेवढं सगळं काढल्याशिवाय फारसा उपयोग होत नाही. दोन्ही उत्तरं मोजून मिळालेली आहेत.

सगळं काढण्याची पद्धत आली कुठून

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड नावाचे सर्जन होते. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या ऑपरेशनचे निकाल प्रसिद्ध केले. त्यांचा तर्क साधा होता. कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि पायरीपायरीने बाहेर सरकतो: आधी स्तन, मग काख, मग उरलेलं शरीर. तेव्हा जितकं लांबवर कापू तितकं बरं. म्हणून ते स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढत. त्या काळी बायका गाठ फार वाढल्यावर यायच्या. त्यांच्या छातीवर तोच आजार पुन्हा उगवण्याचं प्रमाण या ऑपरेशनने खरोखर घटलं. त्यामुळे पाऊणशे वर्षं जगभर हीच रीत राहिली. बायका बरगड्यांना चिकटलेली कातडी, आखडलेला खांदा आणि सुजलेला हात घेऊन जगल्या.

पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी वेगळा विचार मांडला. तो समजायला पुणेकरांना गाजर गवत पुरेल. भारतात हे तण पहिल्यांदा नजरेस आलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. बांधावरचं गाजर गवत उपटून भोवतीची हातभर माती खणून काढली, तरी त्याला फुलोरा येऊन गेला असेल तर बी केव्हाच वाऱ्यावर गेलेलं असतं. ते दुसरीकडे उगवेल की नाही, हे माती किती खोल खणली यावर अवलंबून नसतं. रोप नीट, मुळासकट काढायला हवं, यात वाद नाही. पण उडून गेलेल्या बियांसाठी वेगळा उपाय लागतो. कॅन्सरमध्ये तो उपाय म्हणजे शरीरभर पोचणारी औषधं: केमो, हार्मोनच्या गोळ्या, नेमक्या पेशींवर काम करणारी इंजेक्शनं.

दोन तर्क, मग खरं काय?

इथे एकच तांत्रिक शब्द समजून घ्यावा लागेल: यादृच्छिक चाचणी. म्हणजे सारखा आजार असलेल्या, तयार असलेल्या स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करायची, एका गटाला एक उपचार, दुसऱ्याला दुसरा, आणि वर्षानुवर्षं दोघींचा माग ठेवायचा. चिठ्ठी कशाला? कारण निवड डॉक्टरांवर सोडली तर लहान गाठवाल्यांना लहान ऑपरेशन मिळणार आणि मोठ्या गाठवाल्यांना मोठं. मग लहान ऑपरेशनवाल्या जास्त जगल्या, तर श्रेय ऑपरेशनचं की लहान गाठीचं, हे कळायला वाव उरत नाही.

१९७३ मध्ये इटलीत मिलानला उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी दोन सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची अशी चाचणी सुरू केली. अर्ध्यांना हॅल्स्टेडचं ऑपरेशन. अर्ध्यांचा स्तनाचा फक्त गाठीकडचा भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात ते. फिशर यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत याहून मोठी चाचणी सुरू केली. त्यांना रुग्ण मिळवणं अवघड गेलं, कारण स्तन ठेवणं म्हणजे रुग्णाशी दगाफटका, असं तेव्हाच्या अनेक सर्जनना मनापासून वाटत होतं. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले. स्तन ठेवलेल्या आणि काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या होत्या.

मला या गोष्टीत सर्वांत मोठ्या वाटतात त्या या स्त्रिया. डॉक्टरांनाच खात्री नसताना त्यांनी चिठ्ठीला होकार दिला. आज पुण्यातली एखादी बाई पाचव्या दिवशी घरी जाऊन केस विंचरायला हात वर करते, ते त्या होकारामुळे.

‘पण ठेवलेल्या भागात परत आला तर?’

हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर ‘येतच नाही’ असं नाही. फिशर यांच्या चाचणीत फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के स्त्रियांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. गाठ काढून लाईट घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण १४.३ टक्के होतं. म्हणूनच स्तन ठेवायचा तर लाईट हा त्या उपचाराचाच भाग असतो. ‘जमलं तर घेऊ’ म्हणायची ती गोष्ट नाही. त्याच जागी परत आलेला कॅन्सर लक्ष ठेवलं तर सापडतो आणि काढता येतो. जीव जातो तो बहुतेक वेळा लांब पोचलेल्या आजाराने, आणि त्यावर स्तन काढण्या-ठेवण्याचा परिणाम होत नाही. ते आकडे जुन्या काळचे आहेत. आजची औषधं चांगली असल्याने हे प्रमाण बरंच खाली आलं आहे.

गाठ पूर्ण निघाली का, हे कसं पाहतात? सर्जन काढलेल्या तुकड्याला दोरे बांधतो: वरच्या कडेला आखूड, बाहेरच्या कडेला लांब, म्हणजे तुकडा कसा बसलेला होता ते प्रयोगशाळेत कळतं. तिथे तुकड्याचा सगळा पृष्ठभाग रंगवतात, पुष्कळदा प्रत्येक बाजूला वेगळी शाई. मग पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईच्या रेषेवर कॅन्सरच्या पेशी दिसल्या तर कडेला आजार राहिला आहे, आणखी काढायला हवं. भोवतालच्या भागात घुसणाऱ्या प्रकारच्या गाठीसाठी २०१४ पासूनचा सर्वमान्य नियम म्हणजे शाईवर कॅन्सर नको. त्यापलीकडे जास्तीचे सेंटिमीटर कापून फायदा नाही. तुमच्या अहवालात ‘मार्जिन’ हा शब्द येतो तो याच शाईबद्दल.

सगळ्यांना हे ऑपरेशन चालत नाही. स्तनात वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या गाठी असतील, पूर्वी छातीला लाईट दिलेली असेल, सगळा स्तन लालबुंद करणारा दाहक प्रकार असेल, तर पूर्ण स्तन काढणंच योग्य. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात. त्याआधी गाठीत धातूची बारीक खूण बसवतात, कारण कधीकधी गाठ इतकी विरघळते की सर्जनला जागाच सापडू नये. उरलेल्या स्तनाला तिथल्या तिथे नीट आकार देण्याची शस्त्रक्रियाही आता पुण्यात होते. स्तनाच्या कॅन्सरवर इथलं प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि आयसर ही विज्ञान संशोधन संस्था मिळून संशोधन करतात. आपल्याकडचे नमुने, आपल्याकडच्या स्त्रिया, हे महत्त्वाचं आहे, कारण भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो.

काखेतल्या गाठी: सूज कशाने येते

पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं. तशाच रसग्रंथी काखेत असतात, आणि स्तनातून निघालेला कॅन्सर बहुधा आधी तिथे पोचतो. म्हणून काख पूर्ण साफ करायची, असा रिवाज होता. माझ्या मोठ्या मावशीचं ऑपरेशन त्याच काळातलं. तिचा नारायण पेठेतला शिंपी ब्लाऊज शिवताना उजव्या बाहीत जास्तीची माया ठेवायचा, आणि तरी दर दिवाळीला तिला एखादी शिवण उसवावी लागायची. उजव्या मनगटात बांगडी चढत नसे. सगळ्या बांगड्या डाव्या हातात घालून ती हळदीकुंकवाला जायची आणि उजवा हात पदराखाली ठेवायची. काख साफ केल्यावर साधारण पाचातल्या एकीला अशी सूज येते.

१९९०च्या दशकात सर्जननी एक सोपा प्रश्न विचारला: सगळ्या गाठी काढण्याऐवजी, स्तनातला रस ज्या पहिल्या गाठीत उतरतो तेवढीच काढून पाहिली तर? तिला पहारेकरी गाठ म्हणू. ती ओळखायला स्तनात निळा रंग किंवा अगदी सौम्य किरणोत्सारी द्रव टोचतात. आपल्याकडे त्यासाठी बरेचदा मिथिलीन ब्लू वापरतात, कारण ते स्वस्त आहे. ऑपरेशननंतर एखाद-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते. आधी सांगितलं नसेल तर घरचे घाबरून नर्सकडे धावतात. पहारेकरी गाठीत कॅन्सर नसेल तर पुढच्या गाठी ठेवायच्या. अशा स्त्रियांत हाताची सूज वीस टक्क्यांवरून पाच-सहा टक्क्यांवर येते. जिथे किरणोत्सारी द्रवाची सोय नाही तिथल्यासाठी टाटा हॉस्पिटलने काखेचा फक्त खालचा भाग काढून तपासण्याची पद्धत पारखून घेतली. गरज इथली, उत्तरही इथलं.

मग पुढची पायरी. पहारेकरी गाठीत थोडा कॅन्सर निघालाच, तरी काख साफ करायलाच हवी का? अमेरिकेत ८९१ स्त्रियांवर चाचणी झाली. त्यांची स्तनातली गाठ पाच सेंटिमीटरपर्यंतची होती, फक्त एक-दोन पहारेकरी गाठींत कॅन्सर होता, आणि स्तन ठेवून पुढे लाईट घ्यायची होती. दहा वर्षांनी काख साफ न केलेल्यांपैकी ८६.३ टक्के हयात होत्या, साफ केलेल्यांपैकी ८३.६ टक्के. २०२३ मध्ये तर इटलीच्या पुढाकाराने झालेल्या एका चाचणीने दाखवलं की दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसत असेल, तर काखेला हात न लावलेल्या स्त्रियाही पाच वर्षांनी तितक्याच बऱ्या होत्या.

हे सगळं लवकर सापडलेल्या, लहान आजाराबद्दल आहे. काखेत हाताला लागणाऱ्या टणक गाठी असतील, केमोनंतरही त्या राहिल्या असतील, तर काख साफ करावी लागते. शेजारणीचं झालं नाही म्हणून आपलंही करू नका, असा हट्ट तिथे धरू नये.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’

या समजाने जितक्या बायकांना उशीर केला, तितका क्वचित दुसऱ्या कशाने केला असेल. गाठ हाताला लागते, सुईची तपासणी सांगितली जाते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘सुई घालू नका, चेतवला जाईल.’ मग सहा महिने काढे आणि लेप. स्तनातल्या गाठीची सुईने तपासणी केल्याने आयुष्य कमी होत नाही. उलट त्या तुकड्यावरूनच हार्मोनच्या गोळ्या चालतील का, कुठलं इंजेक्शन लागेल हे ठरतं. तपासणी न करता थेट गाठ कापणं हाच चुकीचा क्रम आहे.

पण शस्त्रक्रियेच्या त्या तासाभरात पेशींचं काय होतं, हा प्रश्न संशोधकांनी झटकून टाकला नाही. टाटा हॉस्पिटलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी तो चाचणीला लावला. व्हॉट्सॲपवरचं इंजेक्शन ते हेच. लिडोकेन, म्हणजे दाढ काढताना जागा बधिर करायला वापरतात ते औषध. गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी ते गाठीभोवती टोचायचं. भारतातल्या ११ केंद्रांवर, ऑपरेशनआधी केमो न घेतलेल्या सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. आजार परत न आलेल्या ८६.६ आणि ८२.६ टक्के.

म्हणजे शंभर जणींमागे चौघींच्या आसपास फरक. खर्च शंभर रुपयांच्या आत. इतक्या स्वस्त गोष्टीसाठी हा फरक मोठा आहे. पण इंजेक्शन घेऊनही पाच वर्षांत शंभरातल्या तेरा-चौदा जणींना आजार परत आला किंवा मृत्यू आला, म्हणून ‘परत येत नाही’ हे वाक्य खोटं. शिवाय ही एकच चाचणी आहे, आणि तिच्यात दुसऱ्या गटाला खोटं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन दिलं नव्हतं. दुसऱ्या देशांत असाच निकाल आला तर विश्वास आणखी वाढेल. तोवर आपल्या सर्जनना मोकळेपणाने विचारावं. माझं मत विचाराल तर, विचारायलाच हवं.

शरीरभर आजार आधीच पसरलेला असेल तर? तेव्हाही घरचे म्हणतात, निदान मूळ गाठ तरी काढा. टाटामध्येच ३५० स्त्रियांवर याची चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आला. स्तनातली गाठ काढलेल्या जास्त जगल्या नाहीत. जखम चिघळली, रक्त वाहू लागलं तर त्रास कमी करायला ऑपरेशन करतात, ते वेगळं.

अंडाशय: इथे हिशेब उलटा

स्तनातली गाठ हाताला लागते. अंडाशय ओटीपोटात खोल असतं. त्याच्या कॅन्सरमध्ये पोट फुगतं, दोन घासांत पोट भरतं, सारखी लघवीला जावं लागतं, कंबर दुखते. बाई ॲसिडिटीची गोळी घेते, कपडे घट्ट झाले म्हणून जेवण कमी करते. पोटात पाणी होऊन नाडी बांधता येईना की मग सोनोग्राफी होते. तोवर आजार बहुधा पोटाच्या आतल्या अस्तरावर आणि आतड्यांवर पडदा असल्यासारख्या लोंबणाऱ्या चरबीवर कणाकणाने पसरलेला असतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा आणि ४७ हजारांना अंडाशयाचा कॅन्सर होतो. मृत्यू अनुक्रमे सुमारे ९८ हजार आणि ३३ हजार. अंडाशयाच्या बाबतीत मृत्यूंचं प्रमाण किती वाईट आहे ते बघा.

मात्र हा पसारा बराच काळ पोटाच्या पोकळीतच राहतो, आणि म्हणून सर्जनला संधी असते. जर्मन गटाच्या तीन चाचण्यांमधल्या ३,१२६ स्त्रियांच्या नोंदी २००९ मध्ये एकत्र करून पाहिल्या गेल्या. ऑपरेशननंतर डोळ्यांना दिसेल असा कणही न उरलेल्या स्त्रियांपैकी निम्म्या ९९ महिन्यांहून जास्त जगल्या. एक सेंटिमीटरपर्यंतचे कण उरलेल्यांमध्ये हाच मधला आकडा ३६ महिन्यांचा होता, त्याहून मोठे उरलेल्यांमध्ये ३० महिन्यांच्या आत. यात एक सावधगिरी आहे: ज्यांचा आजार मुळात कमी, त्यांचंच पोट स्वच्छ करणं सोपं, म्हणजे सगळा फरक सर्जनच्या हाताचा नाही. तरीही आज जगभर अंडाशयाच्या ऑपरेशनचं ध्येय एकच आहे, दिसणारं काही मागे ठेवायचं नाही. त्यासाठी कधी आतड्याचा भाग, कधी प्लीहा, कधी श्वासपटलावरचं अस्तर काढावं लागतं. सहा-आठ तास लागतात.

म्हणजे मग इथे दिसेल त्याला हात घालायचा का? नाही. पोट स्वच्छ झालेल्या ६४७ स्त्रियांवर एक चाचणी झाली. निम्म्यांच्या, वरून नीट दिसणाऱ्या रसग्रंथीही सरसकट काढल्या. २०१९ मधला निकाल सांगतो की त्यांना जास्त आयुष्य मिळालं नाही, गुंतागुंत मात्र वाढली. दिसणारा आजार काढायचा, न दिसणाऱ्याच्या संशयावर कापत सुटायचं नाही, हे इथेही लागू पडलं.

आधी ऑपरेशन की आधी केमो, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. २०१० मध्ये युरोपातल्या चाचणीत केमोच्या तीन फेऱ्या देऊन मग ऑपरेशन केलेल्या स्त्रिया, आधी ऑपरेशन केलेल्यांइतक्याच जगल्या आणि त्यांना ऑपरेशनचा त्रास कमी झाला. त्यामुळे खूप पसरलेला आजार किंवा अशक्त बाई असेल तर ‘आधी केमो’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजू नये.

ऑपरेशनच्या शेवटी पोटात गरम केमो फिरवण्याचा उपचार, हायपेक, याचीही बरीच चर्चा असते. नेदरलँड्समधल्या २४५ स्त्रियांच्या चाचणीत, केमोनंतरच्या ऑपरेशनमध्ये तो दिल्यावर आयुष्याचा मधला आकडा ३३.९ वरून ४५.७ महिन्यांवर गेला. पण तो ठरावीक टप्प्यावरच्या स्त्रियांसाठी आहे, महाग आहे, आणि पोट आधी स्वच्छ झालेलं नसेल तर त्याचा भरवसा धरता येत नाही. कोणी पहिल्या भेटीतच हायपेकचं पॅकेज पुढे ठेवलं, तर दुसरं मत घ्या.

आता सुरीच्या समजाचा उरलेला भाग. अंडाशयाची गाठ अजून आवरणात बंद असेल आणि कॅन्सरची शंका असेल, तर तिच्यात सुई घालत नाहीत. ऑपरेशनमध्ये गाठ फुटून आतलं पोटात सांडलं तर आजाराचा टप्पा अधिकृतपणे वरचा धरला जातो. म्हणून ‘साधी गाठ आहे, दुर्बिणीतून पाणी काढून टाकू’ असं ऐकलं, तर थांबून चौकशी करावी, विशेषतः पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत.

‘मग दरवर्षी तपासणी करून लवकर का नाही पकडत?’

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांवर हे करून पाहिलं. काहींची सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी वर्षानुवर्षं केली. २०२१चा निकाल: अंडाशयाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. तक्रार नसलेल्या, घरात इतिहास नसलेल्या बाईच्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये सीए-१२५ घुसडणं मला पटत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याच्या आजारात), अगदी पाळीच्या दिवसांतही तो आकडा वाढतो, आणि मग नको ती ऑपरेशनं होतात.

‘आईला झाला होता, मी आधीच काढून टाकू का?’

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं सगळ्यांत असतात. त्यात जन्मजात दोष असेल तर धोका खूप वाढतो. वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका अनुक्रमे ७२ आणि ६९ टक्के, अंडाशयाचा ४४ आणि १७ टक्के. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३ मध्ये दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं ते बीआरसीए-१च्या दोषामुळे. अशा स्त्रियांनी मुलं झाल्यावर, पहिल्या प्रकारात साधारण ३५ ते ४०, दुसऱ्यात ४० ते ४५ या वयात अंडाशयं आणि गर्भनलिका काढाव्यात, असा सल्ला दिला जातो. पाळी लवकर जाते, हाडं आणि हृदय सांभाळावं लागतं, पण जीव वाचतो.

दोष नसेल तर गोष्ट वेगळी. एका स्तनाचा कॅन्सर झाला म्हणून दुसरा निरोगी स्तन काढल्याने सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रीचं आयुष्य वाढत नाही. तपासणी आधी, निर्णय नंतर. आणि ही तपासणी शक्यतो ज्या नातेवाईक स्त्रीला आजार झालाय, तिच्यापासून सुरू करतात. अंडाशयाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांना ती सुचवायलाच हवी.

अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत घातक प्रकार पुष्कळदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं महत्त्वाचं आकलन. म्हणून दुसऱ्या खऱ्या कारणासाठी गर्भपिशवी काढायचीच असेल, तर अंडाशयं ठेवून नळ्या काढाव्यात, अशी पद्धत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१० पासून रुजली. हे वाचून कोणी आपणहून पिशवी काढायला जाऊ नये. महाराष्ट्रात विनाकारण पिशव्या काढलेल्या बायका कमी नाहीत.

‘आमच्यावर प्रयोग करणार का?’

चाचणीत भाग घेण्याबद्दल विचारलं की पहिली प्रतिक्रिया हीच असते. विचारणं तुमचा हक्क आहे. रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी, तुम्हाला कळेल अशा भाषेतलं संमतिपत्रक, त्याची प्रत घरी नेण्याची मुभा, आणि मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचा उपचार चालू राहणं, एवढं असायलाच हवं. भारतात औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद २००९ पासून सक्तीची आहे आणि ती नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. चिठ्ठीत ‘नेहमीचा उपचार’ आला तर तुम्ही काही गमावत नाही. आजचा उत्तम उपचार तुम्हाला मिळतो, आणि पुष्कळदा तपासण्याही जास्त नेमाने होतात.

पुण्यात, प्रत्यक्षात

इंदापूर, जुन्नर, भोरकडून येणाऱ्या बाईसाठी खरा प्रश्न मुक्कामाचा असतो. स्तन ठेवला तर लाईटसाठी साधारण तीन आठवडे, आठवड्यातले पाच दिवस यावं लागतं. तेवढी सोय नाही म्हणून स्तन काढून घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांचा निर्णय चूक म्हणायचा अधिकार मला नाही. फक्त एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: स्तन काढला तरी लाईट लागणार आहे का? काखेत बऱ्याच गाठी बाधित असतील तर लागतेच, आणि मग स्तनही गेला, फेऱ्याही टळल्या नाहीत असं होतं. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे चार हजार रुग्णांच्या चाचणीने पाच दिवसांचा छोटा कोर्सही तितकाच परिणामकारक असल्याचं दाखवलं आहे. आपल्याला तो चालेल का, हे लाईटच्या डॉक्टरांना विचारता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि लाईट बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा.

अंडाशयावर गाठ सांगितली असेल तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एवढंच विचारा: कॅन्सर निघाला तर पुढचं मोठं ऑपरेशन इथेच, त्याच वेळी होईल का, आणि करणारे स्त्रीरोग-कॅन्सरचे सर्जन आहेत का? पोट उघडून गाठ काढली, शिवलं आणि मग ‘आता मोठ्या दवाखान्यात जा’ असं सांगितलं, की पहिल्या ऑपरेशनची चांगली संधी वाया गेलेली असते.

आणि ऑपरेशननंतर फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन निघू नका. काढलेल्या भागाचे मेणात बसवलेले ठोकळे आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या मतासाठी, जनुकांच्या किंवा हार्मोनच्या तपासणीसाठी त्या लागतात. लेखी अर्ज केला की मिळतात.